पोथीचा जीर्णोद्धार आणि देवळाचा

(शिखराचे काम थांबलेले असताना देवळाच्या पटांगणात भरलेल्या ग्रामस्थ व देणगीदार यांच्या सभेत केलेले भाषण. अनेकांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



समितीने मला चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा समितीचे व देणगीदारांचे आभार मानून खाली बसावे, अशी अपेक्षा असेल. आभार मी मानतोच. परंतु आज सकाळपासून पारावर, चावडीपाशी आणि एस.टी.च्या थांब्यावर जो प्रश्न मी ऐकत आहे, त्याला बगल देऊन आभार मानणे मला प्रशस्त वाटत नाही. प्रश्न सरळ आहे. देऊळ पुरे होणार कधी? आणि काही जण त्याच्याही पुढे जाऊन विचारतात, होणार की नाही?

विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. ज्याने आपल्या पगारातून, दुधाच्या पैशातून, कोणी तर मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतून देणगी दिली, त्याला विचारण्याचा पुरा अधिकार आहे. तीन वर्षांपूर्वी श्रीभैरवनाथापुढे नारळ फुटला, तेव्हा दोन वर्षांत कळस चढेल असे आपण सर्वांनीच धरले होते. मग गाभाऱ्याच्या भिंतीवरचे ऑइलपेंटचे आणि चुन्याचे थर खरवडले, तो मागची भिंत पोटातून फुगलेली निघाली. अंदाजपत्रकात ते काम नव्हते. ती भिंत दगड दगड उतरवून पुन्हा रचण्यात एक अख्खा हंगाम गेला. दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला आणि कबूल केलेली वर्गणी शेतातच राहिली. ठेकेदार अर्ध्यावर काम टाकून गेले. आणि गेल्या माघात, ज्यांच्या छिन्नीवर साऱ्या गावाचा भरवसा होता, ते आपले थोरले मिस्त्री निवर्तले. आज गाभारा उभा आहे, सभामंडप उभा आहे, शिखराचे चार थर चढले आहेत आणि त्यावर पत्रे टाकले आहेत. वारा सुटला की ते पत्रे रात्रभर वाजतात आणि गावाला झोपू देत नाहीत.

अशा वेळी गावात दोन मते झाली आहेत. एक मत असे की, उरलेले शिखर विटा-सिमेंटात उठवून, गिलावा करून, रंग देऊन येत्या यात्रेपूर्वी कळस बसवावा आणि मोकळे व्हावे. दुसरे मत असे की, आहे तेथे थांबावे, पुढची पिढी पाहून घेईल. ही दोन्ही मते बाजूला ठेवून मी आपणांस एका वेगळ्याच जीर्णोद्धाराची हकीकत सांगणार आहे. मी पाथरवट नाही की इंजिनियर नाही. माझी नोकरी पुण्यात झाली आणि सुटीच्या दिवशी भांडारकर संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन बसण्याचा मला नाद होता. तेथे जे वाचले, तेथील जुन्या मंडळींकडून जे ऐकले, त्यावरून बोलतो.

आपल्या या सभामंडपात चातुर्मासात पोथी लागते. महाभारतातल्या कथा येथल्या लहान पोरालाही पाठ आहेत. परंतु एक गोष्ट आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. महाभारत सगळ्या देशात एकच असले, तरी महाभारताची पोथी सगळीकडे एकच नव्हती. छापखाना येईपर्यंत पोथ्या हातानेच उतरवल्या जात. उतरवणारा कोठे ओळ गाळी, कोठे समासातली टीप मूळ समजून आत घेई, कोठे दुसऱ्या पोथीत सापडलेली चांगली कथा भक्तिभावाने जोडून देई. काश्मिरात शारदा लिपीत भूर्जपत्रावर लिहिलेली पोथी त्यामानाने आटोपशीर, तर दक्षिणेकडच्या तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम लिप्यांतील पोथ्यांत पुष्कळ भर पडलेली. बंगालची निराळी, नेपाळची निराळी, मिथिलेची निराळी. आपल्या गाभाऱ्याच्या भिंतीवर जसे चुन्यावर चुना आणि रंगावर रंग चढत गेले, तसेच तेथे झाले होते. ज्याने ज्याने थर चढवला, त्याने भक्तीनेच चढवला. पण मूळ दगड कोणता, हे दिसेनासे झाले.

हे थर शास्त्रशुद्ध रीतीने वेगळे करावेत, अशी मागणी प्रथम युरोपातल्या पंडितांनी केली. १८९७ साली पॅरिसला प्राच्यविद्या परिषद भरली होती, तेथे विंटरनिट्झ यांनी हा विषय मांडला. पुढे जर्मनीत ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्यादाखल थोडा भाग छापूनही दाखविला. पण १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि ते काम जेथल्या तेथे थंडावले. काम आपल्या देशातले, ते परदेशात सुरू झाले आणि परदेशातच अडले, अशी स्थिती होती.

पुण्यात ६ जुलै १९१७ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा तो ऐंशीवा वाढदिवस. नवी संस्था, हाताशी पैसा बेताचा, आणि तिने हे एवढे मोठे ओझे उचलायचे ठरविले. यासाठी पहिला मोठा हात पुढे आला तो सातारा भागातल्या औंधच्या संस्थानिकांचा. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली एक लाख रुपयांचे वचन दिले. ते स्वतः चित्रकार होते आणि आवृत्ती सचित्र व्हावी अशी त्यांची इच्छा होती. औंध हे काही बडोदे किंवा ग्वाल्हेर नव्हे. लहानसे संस्थान, दुष्काळी मुलूख. आपल्याकडे पाच-पन्नास रुपये देणाऱ्याचे नाव यादीत शेवटी जाते, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो. पुढे मुंबई सरकारने मदत दिली, बडोदे, म्हैसूर यांसारख्या संस्थानांनी दिली, आणि हैदराबादच्या निजामांच्या देणगीतून तर संस्थेच्या आवारात अतिथिगृहही उभे राहिले.

१ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांनी आपल्या हाताने आरंभीचा मंगलश्लोक कागदावर लिहून कामाचा श्रीगणेशा केला. तेव्हा त्यांचे वय एक्याऐंशी वर्षांचे होते. हे काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही, हे त्यांना कळत नसेल असे कोण म्हणेल? आपण लावलेल्या आंब्याची सावलीसुद्धा आपल्याला मिळायची नाही, हे माहीत असून म्हातारा माणूस आळे करतो ना, तसेच ते होते.

आता पुढची वर्षे नीट ऐका. १९२३ साली नारायण बापूजी उटगीकरांनी विराटपर्वाची एक प्रायोगिक आवृत्ती काढली आणि ती अभिप्रायासाठी विद्वानांकडे गेली. चार वर्षांत एक प्रयोग, तोही अठरा पर्वांपैकी एका लहानशा पर्वाचा. १९२५ च्या ऑगस्टमध्ये सर रामकृष्ण भांडारकर वारले. त्याच महिन्यात मुख्य संपादकपदाची सूत्रे डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या हाती आली. केंब्रिजला गणित शिकलेला, बर्लिनला ल्यूडर्स यांच्यापाशी संस्कृत शिकलेला हा माणूस. त्यांनी आल्या आल्या घाई केली असती, तर वर्षा-दोन वर्षांत एखादे पर्व छापून देणगीदारांचे समाधान करता आले असते. त्यांनी तसे केले नाही. आधी कामाची रीत पक्की बसवली.

ही रीत मला आपल्या समितीला समजावून सांगायची आहे, कारण सगळी मेख तिच्यातच आहे.

एक मोठा कागद घ्यायचा. त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी पाडायच्या. सर्वांत वरच्या ओळीत छापील प्रचलित पाठातली श्लोकाची एक ओळ, एका चौकटीत एक अक्षर या हिशेबाने लिहायची. डाव्या समासात पोथ्यांच्या खुणा, म्हणजे ही काश्मीरची, ही बंगालची, ही मलबारची. मग एकेक पोथी उघडून, ज्या अक्षरात फरक असेल, तेवढाच त्या अक्षराखालच्या चौकटीत भरायचा. कमीत कमी दहा पोथ्या ताडून पाहिल्याशिवाय कोणताही भाग संपादकाकडे जायचा नाही. आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांसाठी तर पन्नास पोथ्या लावल्या होत्या. हे काम शास्त्री आणि पदवीधर मंडळी पगारावर बसून करीत. एका तुकडीने भरलेले कागद दुसरी तुकडी पुन्हा तपाशी. बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात आणि दक्षिणी पोथ्यांसाठी तंजावरच्या सरस्वती महालात वेगळी ठाणी बसवली होती. दिवसाकाठी काही ओळी पुढे सरकत. पाहणाऱ्याला वाटावे, ही माणसे करतात तरी काय? पण जी ओळ झाली ती झाली. ती पुन्हा करावी लागत नसे.

पहिला सुटा भाग १९२७ साली निघाला. संबंध आदिपर्व पुरे व्हायला १९३३ साल उजाडले. मंडळी, आरंभापासून चौदा वर्षांत अठरांपैकी एक पर्व! कोणी पाटीवर त्रैराशिक मांडले असते, तर उत्तर अडीचशे वर्षे आले असते. आपल्या गावात गेल्या महिन्यात असेच एक त्रैराशिक कोणीतरी मांडले आणि शिखराला अकरा वर्षे लागतील असे सांगितले. गणित बरोबर होते, पण अवघड कामाची सुरुवातीची वर्षे पायात जातात, हे त्या गणितात धरलेले नव्हते.

कारण १९३३ नंतर पाहा काय झाले. रीत ठरलेली होती, नमुना छापलेला होता, तेव्हा एकेक पर्व एकेका विद्वानाकडे सोपविता आले. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांनी १९३६ साली दिले. उद्योगपर्व बंगालच्या सुशीलकुमार दे यांनी १९४० साली. आरण्यकपर्व स्वतः सुखठणकरांनी १९४२ साली. सभापर्व तर अमेरिकेतल्या एजर्टन यांनी १९४४ साली पुरे केले. पर्वांचा क्रम कोणी धरून बसले नाही. जे पर्व ज्या हाती तयार झाले, ते आधी छापले. सभापर्व दुसरे, पण ते विराट आणि उद्योग यांच्या मागून आले, म्हणून काही बिघडले नाही.

या कामात आणखी एक प्रसंग घडला, तो मला फार आवडतो. आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळच्या राजगुरू हेमराज पंडितांकडून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी सुखठणकरांच्या पाहण्यात आली. आधी हाती नसलेली पोथी. छापून झालेल्या कामाची अशी परीक्षा व्हावी, म्हणजे छातीत धस्स होण्याचाच प्रसंग. पण ताडून पाहता, आपण निवडलेल्या अनेक पाठांना त्या जुन्या पोथीचा आधार मिळतो असे त्यांना आढळले. चुना खरवडून खालचा दगड ओळखावा आणि पुढे खाणीतच त्या दगडाचा भाऊ सापडावा, तसे हे झाले.

आणि मग १९४३ चा जानेवारी. सुखठणकर महाभारताच्या अर्थावर मुंबई विद्यापीठात व्याख्याने देत होते. चार व्याख्याने ठरली होती. तीन झाली, आणि चौथे व्हायच्या आधी, २१ जानेवारीला त्यांचे निधन झाले. वय पुरते छप्पनही नव्हते. ज्यांच्या डोक्यावर सारा डोलारा उभा होता ते गेले आणि बहुतेक पर्वे अजून व्हायची होती.

आपल्या थोरल्या मिस्त्रींच्या तेराव्याला याच ओट्यावर बसून मी हे शब्द ऐकले आहेत : "आता संपलं. त्यांच्यासारखा हात कुठून आणायचा?" पुण्यातही असे म्हणणारे कोणी निघाले असतील. पण तेथे चौकटींचे कागद होते! प्रत्येक ओळ, प्रत्येक पोथी, प्रत्येक फरक कागदावर होता, आणि निवड कशी करायची याचे नियम सुखठणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सविस्तर लिहून ठेवले होते. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी ते कागद पुढे चालू केले. त्यांनी भीष्मपर्व दिले, शांतिपर्वासारखे अवाढव्य पर्व दिले. १९६१ पासून डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य आले. शेवटचे अनुशासनपर्व डॉ. रा. ना. दांडेकरांनी केले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी पुण्यात येऊन काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले. सत्तेचाळीस वर्षे, १,२५९ पोथ्या, १९ खंड. मंगलश्लोक लिहिणारे भांडारकर नव्हते, सुखठणकर नव्हते, लाखाचे वचन देणारे औंधचे महाराज १९५१ सालीच गेले होते, त्यांचे संस्थानही राहिले नव्हते. काम मात्र तेच होते, त्याच रीतीने झालेले.

आपल्या शिखराला सत्तेचाळीस वर्षे लागावीत, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले, तर मुंबईकर मंडळी मला आजच्या आज गाडीत बसवून देतील. पण थोरले मिस्त्री गेल्यावर आपली पंचाईत का झाली, ते पाहा. शिखराची मापे त्यांच्या डोक्यात होती. कोणता दगड कोणत्या थराचा, हे ते नुसते पाहून सांगत. उतरवलेले दगड मागच्या परड्यात पडले आहेत, त्यांतल्या निम्म्यांवर खूण नाही. सुदैवाने त्यांचे पुतणे त्यांच्या हाताखाली बारा वर्षे होते आणि ते येथेच आहेत. त्यांनी मला काल परड्यात नेऊन चाळीस-पन्नास दगड ओळखून दाखविले. माझी समितीला हात जोडून विनंती आहे की, छिन्नी पुन्हा उचलण्याआधी एक वही घाला. प्रत्येक दगडाला नंबर, नंबरासमोर थर, दिशा, लांबी-रुंदी-जाडी. शाळेतली मुले दोन रविवारांत हे काम करतील, माप मिस्त्रींनी सांगावे आणि पोरांनी लिहावे. एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासावे. मग उद्या कोणीही आले-गेले तरी शिखर अडणार नाही.

सिमेंटच्या मताविषयी दोन शब्द बोलतो आणि तेही रागाने नव्हे. ज्यांनी ते मांडले, त्यांनी देणगीही सढळ हाताने दिली आहे. परंतु चार थर घडीव दगडाचे आणि वर सिमेंटचा डोलारा, हे एकजीव कसे व्हावे? आपल्याच सभामंडपाच्या जुन्या भिंतीला कोणे एके काळी वरून सिमेंट फासले होते. आतली ओल आतच कोंडली आणि दगडाचे पापुद्रे सुटले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. एका यात्रेची शोभा साधण्यासाठी पुन्हा तेच का करावे?

आणखी एक गोष्ट, विशेषतः तरुण मंडळींसाठी. महाभारताच्या त्या आवृत्तीत, व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही आपली लाडकी कथा मूळ संहितेत नाही. पोथ्यांच्या पुराव्यावरून ती मागाहून आलेली ठरली. पण संपादकांनी ती फेकली का? नाही. परिशिष्टात सगळी छापली. ज्याला ती वाचायची आहे त्याला तेथे सापडते. सांगायचे कारण असे की, परड्यात दोन वीरगळ, जुन्या दीपमाळेचे तुकडे आणि कोणीतरी मागाहून बसविलेली एक गणेशपट्टी पडली आहे. नव्या कामात त्यांना जागा नाही म्हणून ते भरावात टाकावेत, असे बोलले जात आहे. कृपा करून तसे करू नये. पिंपळाच्या बाजूला एक ओटा घालून ते तेथे उभे करावेत. त्याला फार खर्च नाही, आणि आपल्या आजे-पणजांनी ते भक्तीनेच बसविले होते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. पुण्यातल्या त्या मंडळींनी सबंध ग्रंथ होईपर्यंत लोकांना ताटकळत ठेवले नाही, सुटे भाग छापीत गेले. देणाऱ्याला वर्षाकाठी काहीतरी हातात दिसले. आपणही शिखराचा एकेक थर हेच एक काम धरावे. पुतण्या मिस्त्रींच्या अंदाजाप्रमाणे अजून सात थर आणि वर कळस आहे. एका थराचे पैसे जमले की तो थर घालावा, त्याचा जमाखर्च देवळाच्या दारावर लावावा, आणि मगच पुढच्या थराची पावती फाडावी. पाऊस आला की थांबावे, दगड मात्र पत्र्याखाली घडवीत राहावेत. सुगी बुडाली तर थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही, फक्त थांबताना वहीत शेवटचा आकडा लिहिलेला असावा.

पाचव्या थराचे निम्मे पैसे आज या सभेत जमतील, असे मला वाटते. माझ्या पेन्शनीतून माझा वाटा मी खजिनदारांकडे दिला आहे, त्याची पावती घेतली आहे. उतरवलेल्या भिंतीचा, राहिलेल्या ठेक्याचा आणि शिल्लक रकमेचा सगळा हिशेब त्यांनी आज सोबत आणला आहे आणि ते तो आता वाचून दाखवणार आहेत. देणगी देण्याआधी तो ऐकावा, ज्याला शंका असेल त्याने उभे राहून विचारावी, आणि समितीने उत्तर द्यावे. मी माझी जागा त्यांना देतो.